इमॅजिकासाठी खोपोलीत स्वस्तात राहायचंय – सोबत दोन लहान मुलं आणि सासूबाई

कृष्णाकाठ_सातारा

नमस्कार मंडळी,

लेकीला गेल्या वर्षीच कबूल केलंय, या वर्षी खोपोलीजवळचं इमॅजिका, ते मोठं मनोरंजन पार्क, दाखवायचंच. ती पहिलीत आहे, सहा वर्षांची. धाकटा अडीच वर्षांचा. आम्ही दोघं आणि सासूबाई, मिळून पाच जण. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, पण नातवंडांबरोबर यायची त्यांची फार इच्छा आहे.

साताऱ्याहून आमच्या वॅगनआरने येणार. पहाटे निघून थेट पार्कला जावं आणि रात्री परत यावं असं यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. खंबाटकी, मग पुण्याच्या बायपासची गर्दी, मग बोरघाट, एवढं सगळं करून मुलं पार्कच्या दारात पोचेपर्यंतच आंबून जातील. म्हणून राहायचं ठरवलंय, पण एकच रात्र जमेल. खोलीसाठी फार तर अडीच हजार काढू शकतो. पार्कच्या दारातलं मोठं हॉटेल आमच्या आवाक्याबाहेरचं आहे, तिकिटांनाच इतके पैसे जाणार आहेत.

अ‍ॅपवर खोपोलीची बरीच लॉज दिसतात. फोटो सगळे सारखेच, पांढरी चादर आणि त्यावर टॉवेलचा हंस. खाली प्रतिक्रिया वाचाव्यात तर एक जण म्हणतो उत्तम, दुसरा म्हणतो चुकूनही जाऊ नका. माझा साधा प्रश्न आहे. लहान मुलं बरोबर असताना अशा स्वस्त लॉजमध्ये राहावं का? आणि राहायचं तर ती एक रात्र पार्कच्या आधीची घ्यावी की नंतरची? लोणावळ्यात राहणं बरं पडेल का? डिसेंबरात यायचा विचार आहे.

डोंबिवलीकर_बाबा

ताई, आम्ही आमच्या जुळ्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. माझं स्पष्ट मत, रात्र नंतरचीच घ्या. आम्ही लोकलने गेलो. कर्जतला गाडी बदलली, खोपोलीला उतरलो, तिथून रिक्षा. सकाळी मुलं ताजीतवानी असतात, प्रवासाचं काही वाटत नाही. पण संध्याकाळची परेड बघून बाहेर पडलो तेव्हा एक माझ्या खांद्यावर, एक हिच्या खांद्यावर, दोघंही गाढ. त्या अवस्थेत रात्री खोपोली-कर्जत गाडीची वाट बघत बसायची कल्पनाच नको. त्या मार्गावर गाड्या विरळ आहेत, एक चुकली की ताटकळत बसावं लागतं.

तुम्ही गाडीने येताय, तरी रात्री आठनंतर घाट चढून साताऱ्यापर्यंत गाडी हाकणं धोक्याचंच. दिवसभर ऊन खाल्लेला माणूस चाकामागे पेंगतो. दादांना समजावून सांगा.

आणखी एक. तुमच्या मुलीला डायनासोर आवडत असतील तर तिथली राजासॉरसची बोट तिला दाखवाच. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही, आपल्याच देशातला आहे. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव मिळालं. हे आधी घरी सांगून नेलं तर मुलं त्या बोटीत वेगळ्याच डोळ्यांनी बसतात. आमच्या पोरांनी परतल्यावर शाळेत सगळ्यांना सांगितलं. फक्त शेवटी बोट जोरात खाली येते आणि अंगावर पाणी उडतं, त्यामुळे धाकट्याला नको. मोठीचीही उंची दारातल्या पट्टीला लावून बघतील, आधीच तिला तशी कल्पना द्या. रांगेत पाऊण तास उभं राहून दारात नाही ऐकलं की मुलांचा फार हिरमोड होतो.

काउंटरवाली_खोपोली

ताई, मी खोपोलीतच एका लॉजचं काउंटर सांभाळते. लॉजचं नाव सांगणार नाही, कारण जाहिरात करायची नाहीये. पण तुमच्यासारखी कुटुंबं रोज माझ्यासमोर उभी राहतात, म्हणून जरा मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे प्रतिक्रिया इतक्या उलटसुलट का असतात ते कळेल. २०१३ साली पार्क सुरू झालं, त्याआधी खोपोलीच्या लॉजमध्ये उतरायचं कोण? कंपन्यांत कामाला येणारे फिटर, औषध कंपन्यांचे विक्रेते (एमआर), ट्रकचे मालक आणि महड-पालीला जाणारे गणेशभक्त. खोल्या बांधल्या गेल्या त्या अशा माणसांसाठी. एकट्याने रात्री उशिरा यायचं, पाठ टेकायची, सकाळी बादलीभर पाण्याने आंघोळ करून निघायचं. पुढे पार्क आलं, त्यातलं वॉटर पार्क आलं, आणि त्याच खोल्यांत लेकुरवाळी माणसं उतरायला लागली. काही मालकांनी त्यानुसार बदल केले, काहींनी नुसता रंग मारला आणि टीव्ही मोठा लावला. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. एकट्या माणसाला दोन्ही उत्तमच वाटतात. पोरं घेऊन आलेल्याला फरक कळतो.

म्हणून माझं सांगणं असं की पार्कपासून किती अंतर आणि खोली दिसते कशी, हे दोन प्रश्न बाजूला ठेवा. गावातून पार्क पाली रस्त्यावर आहे, गाडीने फार वेळ लागत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी पार्कमधून परतल्यापासून सकाळी उठेपर्यंतच्या वेळेचा विचार करा. लॉज चांगलं की वाईट ते तेवढ्या वेळात ठरतं.

आमच्याकडे साधारण साडेआठच्या सुमारास एकदम सगळी येतात. पार्कचं दार बंद होतं ते सगळ्यांसाठी एकाच वेळी. पाच-सहा गाड्या एका मागोमाग आवारात शिरतात. मुलं खांद्यावर, हातात ओल्या कपड्यांच्या पिशव्या, चपलांत वाळू. सगळ्यांना एकाच वेळी गरम पाणी हवं असतं आणि एकाच वेळी जेवण हवं असतं. आता बहुतेक स्वस्त लॉजवर गच्चीत सोलार असतं. मालक फोनवर छातीठोक सांगतो, चोवीस तास गरम पाणी. दिवसभर तापलेलं पाणी संध्याकाळी कडक असतंच, त्यात खोटं काही नाही. पण पहिल्या पाच खोल्यांनी बादल्या भरल्या की टाकीत गार पाणी भरतं आणि सहाव्या खोलीतल्या बाळाला कोमट पाणीही मिळत नाही. परत ऊन पडेपर्यंत तसंच. वॉटर पार्कमधून आलेल्या अडीच वर्षांच्या मुलाला डिसेंबरातल्या रात्री गार पाण्याने कोण धुणार?

तेव्हा फोनवर ‘गरम पाणी आहे का’ असं विचारूच नका, त्याचं उत्तर हो असंच येणार. खोलीत स्वतःचा गीझर आहे का ते विचारा. असेल तर तो छोटा, नळासारखी धार येणारा आहे की टाकीवाला, तेही विचारा. छोट्यात बादली भरायला वेळ लागतो पण पाणी संपत नाही. मी तर म्हणते छोटाच बरा. आणि वीज गेली तर काय, हेही विचारून ठेवा. जनरेटर असला तरी त्यावर बहुधा दिवे आणि पंखे चालतात, गीझर नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. ‘रेस्टॉरंट आहे’ म्हणजे मुलांचं पोट भरेल असं नाही. साडेआठला ऑर्डर दिली आणि वर पाच टेबलं असली की ताट यायला साडेनऊ होतात, तोवर मुलं खुर्चीतच झोपतात. माझा सल्ला साधा आहे. पार्कमधून निघतानाच लॉजला फोन करा, दोन प्लेट डाळ-भात आणि दही, डाळीला फोडणी बिनमिरचीची, एवढं सांगा. चांगला आचारी असेल तर तुम्ही हात-पाय धुऊन खाली येईपर्यंत वाफाळती ताटं तयार असतात. ‘असं चालत नाही, इथे येऊनच ऑर्डर द्या’ असं उत्तर आलं तर त्या लॉजला मुलांची सवय नाही असं समजा. मोठ्यांना रमाकांतचा वडापाव खायचा असेल तर जरूर खा, खोपोलीला येऊन तो चुकवू नये, पण पोरांना तो तिखट लागतो.

आता खोली. सासूबाईंसाठी तळमजला मागा, आणि ‘देतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. खोलीचा नंबर विचारून घ्या आणि तो नंबर लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. आमच्या गावातल्या पुष्कळ लॉजना लिफ्ट नाही. संडास कमोडचा आहे का, हाही प्रश्न आताच विचारा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि भारतीय पद्धतीचा संडास निघाला तर त्यांची सगळी सहल तिथेच संपते. आजीबाई आमच्याकडे काही बोलत नाहीत, सकाळी नुसत्या सुजलेल्या पायांनी खुर्चीत बसलेल्या दिसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

रस्त्याकडची खोली घेऊ नका. जुना हायवे गावातून जातो आणि घाट उतरून आलेले ट्रक रात्रभर हवेचे ब्रेक सोडतात. मागच्या बाजूची खोली मागा, खिडकीला जाळी आहे का बघा. मागे मंगल कार्यालय नाही ना, तेही विचारा, कारण डिसेंबरात लग्नं असतात. स्पीकर रात्री दहानंतर लावता येत नाही हा कायदा आहे, पण तुमचा धाकटा नऊला झोपणार.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुठल्या प्रतिक्रियेत सापडणार नाही. आमच्याकडे मागे एक कुटुंब उतरलं होतं. आई सामान घ्यायला दाराबाहेर आली आणि तीन वर्षांच्या मुलाने आतून दार लोटून कडी घातली. कडी त्याच्या हाताला येईल इतकी खाली होती, पण घट्ट होती. लावताना जोर करून लागली, काढता येईना. आमच्याकडे दुसरी किल्ली असते, पण ती कुलपाची, आतल्या कडीला तिचा काय उपयोग? मूल आत रडतंय, आई बाहेर. आमच्या पोऱ्याने स्टुलावर चढून दारावरच्या झरोक्याची काच काढली आणि वरून तोंड घालून त्या बाळाशी गप्पा मारायला लागला. घाबरू नकोस म्हणाला, तुझी गाडी कुठली, निळी की लाल, असं बोलत बोलत त्याला शांत केलं, आणि मग झरोक्यातून काठी घालून कडी सरकवली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, पण त्या माऊलीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यानंतर मालकाला सांगून तळमजल्याच्या सगळ्या खोल्यांच्या आणि न्हाणीघरांच्या खालच्या कड्या काढून टाकल्या, फक्त वरच्या ठेवल्या. तुम्ही कुठेही उतरलात तरी खोलीत शिरल्याबरोबर आधी कड्या बघा. खाली कडी असेल तर तिच्या भोकात रुमाल कोंबून ठेवा, म्हणजे सरकतच नाही. न्हाणीघराचं दार बाहेरून लावून घ्यायची सवय ठेवा, ओल्या फरशीवर लहान मुलं हमखास घसरतात.

पलंगाबद्दल. ‘डबल बेड’ म्हणजे पुष्कळ ठिकाणी दोन सिंगल पलंग जोडलेले असतात आणि रात्री मधे फट पडते. पलंग भिंतीला सरकवून घ्या, आम्ही लगेच सरकवून देतो, सांगायला संकोच करू नका. जास्तीच्या गादीचे पैसे किती ते आधी ठरवा, नाहीतर सकाळी बिलावर वाद होतो. साधी चांगली खोली शनिवार-रविवार सोडून तुमच्या अडीच हजारांत नक्की बसते, गादी धरूनसुद्धा. जीएसटी दरात धरलाय की वेगळा, तेही विचारा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय. कोणी जुना १२ टक्के लावला तर बोला.

आता रात्र आधीची की नंतरची. डोंबिवलीकर दादांचं बरोबर आहे, पण ते डोंबिवलीच्या माणसासाठी. साताऱ्याहून येणाऱ्यांना मी आधीची रात्र घ्या असं सांगेन. चार तासांचा रस्ता धरा, त्यात लहान मुलांमुळे तीनदा थांबणं आलं. पहाटे निघून दहाला पोचलात तरी मुलांची निम्मी ताकद रस्त्यातच गेलेली असते. आदल्या दिवशी दुपारी निघा, संध्याकाळी या, जेवा, झोपा. सकाळी उठून निवांत पार्कला जा. मग परतीचं काय, हा प्रश्न उरतो, आणि रात्री गाडी न चालवण्याबद्दल दादा जे म्हणाले ते अगदी खरं. त्यासाठी परेडचा मोह सोडून चार-साडेचारला निघा, किंवा पैसे जुळवून दोन रात्री करा. दीड हजाराच्या खोलीत दोन रात्री या तीन हजाराच्या एका रात्रीपेक्षा मुलांना जास्त सुखाच्या. आलिशान खोलीचं मुलांना काही नसतं. त्यांना झोप हवी असते.

लोणावळ्याला हॉटेलं भरपूर आहेत, पण पार्क घाटाखाली आणि लोणावळा घाटावर. सकाळी घाट उतरायचा, रात्री थकलेल्या मुलांना घेऊन चढायचा, हे मला पटत नाही. शनिवारी सकाळी पुण्याच्या दिशेने घाटात गाड्या मुंगीसारख्या सरकतात, तेव्हा परतीचा दिवस शनिवार येऊ देऊ नका.

आणि डिसेंबर. मधले वार रिकामे असतील असं समजून बरेच जण येतात. पण डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारी शाळांच्या सहली येतात, बसच्या बस. शनिवार-रविवारी घरगुती गर्दी, मंगळवारी-बुधवारी सहलींची. फरक एवढाच की सहलीची मुलं मोठ्या झुल्यांकडे पळतात आणि त्यांना घरी पोचवायचं असतं म्हणून बसेस लवकर निघतात. धाकट्यांच्या भागात त्यांचा त्रास कमी. म्हणून मी तुम्हाला मधला वारच सुचवेन.

कोथरूडची_आजी

काउंटरवाल्या ताईंनी फार छान लिहिलंय. मी आजीच्या बाजूने थोडं सांगते, कारण मी अशीच मुलगा-सुनेबरोबर गेले होते.

सासूबाईंना दिवसभर पार्कात फिरवू नका. पार्क मोठं आहे, चालणं खूप होतं, आणि ‘मी इथे बाकावर बसते, तुम्ही जा’ असं म्हणत म्हणत त्यांचा दिवस जाईल. आम्ही असं केलं. सकाळी मोठ्या नातवाला घेऊन मुलगा-सून पुढे गेले. धाकटी आणि मी लॉजवरच थांबलो. तिची आंघोळ, खाणं, झोप सगळं वेळेवर झालं. बारा वाजता मुलगा येऊन आम्हाला घेऊन गेला. दुपारनंतर आम्ही दोघी गेलो तेव्हा धाकटी ताजी होती. चक्रावरचे घोडे, टबी हत्तीची उडणारी खेळणी, बस झालं तिला. तोवर मोठ्याचे मोठे खेळ उरकले होते. आजींना आणि धाकट्याला पूर्ण दिवस आत ठेवायची काही गरज नसते.

हे जमायचं तर खोली दुपारी बारापर्यंत तरी आपल्या ताब्यात हवी. काही लॉज चोवीस तासांच्या हिशोबाने देतात, म्हणजे संध्याकाळी सहाला उतरलात तर दुसऱ्या संध्याकाळी सहापर्यंत. तसलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. काही ठिकाणी सकाळी दहालाच बाहेर काढतात. आमच्या वेळी आम्हाला दहा म्हणाले होते, मुलाने दोनशे रुपये जास्त देऊन वेळ वाढवून घेतली.

ज्येष्ठांच्या तिकिटाचा दर वेगळा असतो का ते काढताना बघा, वयाचं ओळखपत्र जवळ ठेवा.

अजून एक, स्वस्तात आणि स्वच्छ राहायचं असेल तर पालीच्या बल्लाळेश्वराचं भक्तनिवास आहे. पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच, त्यामुळे उलट दिशेला जावं लागत नाही. देवदर्शनही होतं. जवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत, माझ्या गुडघ्यांना बरं वाटलं. फक्त संकष्टीच्या आसपास जाऊ नका, जागा मिळत नाही. महडचा वरदविनायक तर खोपोलीच्या अगदी जवळ, सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते.

डोंबिवलीकर_बाबा

आजी, ही युक्ती आम्हाला कोणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं. ताई, काउंटरवाल्या ताईंचं वाचून मीही सातारकरांसाठी आधीची रात्र हे मान्य करतो. फक्त एक भर. सामानात पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी टाका. वॉटर पार्कला गेलात तर पोहण्याचे नायलॉनचे कपडे लागतातच, सुती कपड्यांवर आत सोडत नाहीत. ते कपडे वाळत घालायला लॉजवर कुठे जागा नसते. खिडकीचा गज ते कपाटाची कडी अशी दोरी बांधली, खाली पंखा सोडला, सकाळपर्यंत सगळं कोरडं. ओले कपडे पिशवीत कोंबून नेले तर गाडीभर कुबट वास येतो.

वॉटर पार्कचं आणि स्नो पार्कचं तिकीट वेगळं असतं, हेही लक्षात ठेवा. अडीच आणि सहा वर्षांच्या मुलांना एका दिवसात एकच करा. आम्ही बघितलं, दोन्ही एकदम करणारी कुटुंबं दुपारी चारला मुलांवर ओरडत असतात.

कृष्णाकाठ_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काउंटरवाल्या ताई, तुमचं लिहिलेलं मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कडीचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, आधी तेच बघायचं. पहाटे निघायचा बेत रद्द झाला. मधला वार घेतोय, आधीची रात्र, आणि साडेचारला परत निघायचं, परेड नाही. लेकीला ते अजून सांगितलेलं नाही. आजी, तुमच्या सांगण्याप्रमाणे सासूबाई आणि धाकटा दुपारनंतर येतील.

आज चार लॉजना फोन केले. दोघांनी गीझरचं विचारल्यावर ‘सोलार आहे’ म्हणून फोन ठेवला. एक जण कमोड आहे म्हणाला, पण तळमजल्यावर नाही. चौथ्याने तळमजला, गीझर, कमोड सगळं हो म्हटलं, एकोणीसशे रुपये, गादीचे तीनशे वेगळे. पण खोलीचा नंबर पाठवा म्हटलं तर ‘आलात की बघू’ म्हणतो. अ‍ॅपवरून बुकिंग करा असं सांगतो. काय करू? आणि धाकट्याला रात्री दूध लागतं, ते लॉजवर मिळतं का?

काउंटरवाली_खोपोली

ताई, ‘आलात की बघू’ म्हणजे त्याच्याकडे तळमजल्याच्या एक-दोनच खोल्या आहेत आणि तो त्या आधी येईल त्याला देतो. अ‍ॅपवर कुठली खोली हे ठरत नाही, नुसता प्रकार ठरतो. त्यात काही ठिकाणी अ‍ॅपवरचं बुकिंग हाती असून माणूस दारात आला की जागा नाही म्हणतात, असेही गिऱ्हाईक रडत आमच्याकडे आलेले मी पाहिलेत. तुम्ही असं करा. त्याला परत फोन करा आणि सांगा, सासूबाई चढू शकत नाहीत, तळमजल्याची खोली नक्की करत असाल तर आत्ता पाचशे रुपये आगाऊ पाठवते. पैसे थेट लॉजच्या खात्यावर पाठवा, कोणा माणसाच्या नंबरवर नाही, आणि खोलीचा नंबर आल्यावरच. आगाऊ घेतलेली खोली कोणी सहसा दुसऱ्याला देत नाही. तो तरीही तयार नसेल तर पाचव्या लॉजला फोन लावा. मधल्या वारी खोपोलीत जागेची टंचाई नसते, घाई करू नका.

दूध लॉजवर मिळतं पण रात्री दहानंतर भटारखाना बंद होतो. आल्याबरोबर अर्धा लिटर पिशवी बाहेरून घेऊन काउंटरवर द्या आणि झोपायच्या आधी तापवून थर्मासात भरून मागा. कुठलंही बरं लॉज यासाठी पैसे घेत नाही, घेतले तर दहा-वीस रुपये. थर्मास घरून आणा, लॉजचा जग नको, तो सगळ्यांच्या चहाचा असतो. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण लहान बाळाचं दूध आणि खाणं असेल तर दारावर विचारून घ्या. डबा पिशवीत वरच ठेवा, म्हणजे तपासताना लगेच दाखवता येईल.

येताना सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं आणा, आमच्या रजिस्टरात नोंद करावीच लागते, सासूबाईंचंही लागेल. आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत दिली तरी चालते. आणि परेडचं लेकीला घरीच सांगून टाका, तिथे नको. बदल्यात उतरायच्या दिवशी संध्याकाळी तिला वडापाव खायला न्या. तिखट लागला तर आतला वडा काढून नुसता पाव आणि गोड चटणी द्या.